सातवं कलम आणि माझं ताट

"सर्जाला वाढू नकोस," दिनकर म्हणाला आणि भाकऱ्यांची बुट्टी माझ्यासमोरून सरळ पुढे निघून गेली.

बुट्टी बाबगोंडाच्या हातात होती. तो दोन पावलं जाऊन थबकला आणि मागे वळून बघू लागला. त्याला वाटलं, ऐकण्यात काहीतरी घोळ झाला.

"का? ह्यानं काय केलंय?"

"केलं काय न्हाई. पण रविवारपत्तूर ह्याला भाकरी न्हाई, आमटी न्हाई, भात तर मुळीच न्हाई. सकाळी एक पेला दूध, दुपारी लिंबाचं पाणी. ताट माझ्या पेटीत कुलपात हाय. कुणी चोरून घास दिला तर याद राखा."

सगळी पंगत खो खो हसली. मीही हसलो. हसण्यासारखंच होतं, कारण ही शिक्षा मीच मागून घेतली होती.

ही गोष्ट एकाहत्तर सालातली, कोल्हापूरची. आमच्या बोर्डिंगचं नाव उदय बोर्डिंग. खेड्यापाड्यांतून कॉलेजला आलेली आम्ही पस्तीस मुलं तिथे राहत होतो आणि स्वयंपाकघर आमचं आम्हीच चालवत होतो. बाजार आमचा, दळण आमचं, वाढणंही आमचं. चुलीपुढे तेवढी आक्का असे. मी कुस्ती खेळायचो. रविवारी विद्यापीठाच्या संघाची निवड होती, सत्तावन्न किलो गटात. सोमवारी तालमीच्या काट्यावर चढलो तर काटा साठाच्या पुढे गेला. वस्तादांनी माझ्याकडे असं बघितलं की मी लंगोटासकट लहान झालो.

मला माझा स्वभाव माहीत होता. पळायला सांगा, पळेन. घोंगडी पांघरून उन्हात बसवा, बसेन. पण पंगतीत बसल्यावर चौथी भाकरी नको म्हणणं माझ्या हातून या जन्मात होणार नव्हतं. म्हणून तालमीतून तसाच दिनकरच्या खोलीवर गेलो आणि त्याला म्हणालो, "दिन्या, माझं ताट बंद कर."

दिनकर मगदूम आमच्या बोर्डिंगचा अध्यक्ष. त्याआधी तो माझ्या गावचा, माझ्या आळीतला आणि माझ्याच वर्गातला. कोल्हापूरला मला आणलं त्यानंच. पहाटे उठून भाजी मंडईत जायचा, दोन पोती खांद्यावर टाकून यायचा आणि मग कॉलेजला पळायचा. एवढी उस्तवार करतो म्हणून अध्यक्षाला जेवण माफ होतं, आणि त्या माफीवरच दिनकरचं बी.ए. चाललं होतं. गणपतीला गावी गेलो तेव्हा त्याच्या थोरल्या भावानं मला एसटीच्या थांब्यावर गाठून स्पष्ट सांगितलं होतं, "सर्जा, त्यो अध्यक्ष हाय तवर शिकू दे. ते गेलं की लावून दे घराकडं. बैलामागं माणूस न्हाई." परीक्षेला तेव्हा पाच-सहा महिने होते. अध्यक्षपद गेलं तर दिनकर दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गावाला जाणार, हे मला ठाऊक होतं आणि त्यालाही ठाऊक होतं.

त्या सोमवारी कुणाच्या मनात तसलं काही नव्हतं. दिनकरनं माझी पाठ थोपटली, म्हणाला, "बोर्डिंगचं नाव काढ मर्दा, भाकरीचं मी बघतो," आणि माझं पितळी ताट उचलून आपल्या पेटीत टाकलं.

जेवणघराच्या भिंतीवर एक लाकडी फळी होती. संस्थानी काळात बोर्डिंग सुरू झालं तेव्हा पहिल्या तुकडीतल्या पोरांनी स्वतः बसून बोर्डिंगची घटना लिहिली होती आणि पेंटरकडून फळीवर रंगवून घेतली होती. अठरा कलमं होती. रोज दोन वेळा आम्ही त्या फळीखाली जेवायचो आणि तिच्याकडे ढुंकून बघायचो नाही. ती वाचणारा एकच प्राणी होता, जिनपाल उपाध्ये.

जिनपाल कायद्याच्या पहिल्या वर्षाला होता. अंगानं काडी, डोळ्यांना जाड चष्मा. कांदा-लसूण खायचा नाही म्हणून आक्का त्याची आमटी फोडणीआधी वेगळी काढून ठेवायची. निवडणुकीत तो दिनकरविरुद्ध उभा राहून पडला होता, आणि आमच्याकडे पडणारा आपोआप उपाध्यक्ष व्हायचा. अध्यक्ष गेला तर त्याच्या जागी उपाध्यक्ष, हेही फळीवरच होतं.

मंगळवारी मी निभावलं. बुधवारी आक्कानं वांग्याचं भरीत केलं. मी अंगणात जाऊन बसलो, तर वारा नेमका स्वयंपाकघराकडून माझ्याकडे.

त्याच बुधवारी बाबगोंडाची दळण आणायची पाळी होती. तो पिठाचे डबे गिरणीत ठेवून दुपारच्या सिनेमाला गेला, आणि सिनेमा त्याला इतका आवडला की तो पुन्हा तिकीट काढून तोच बघत बसला. इकडे चूल पेटलेली, भरीत झालेलं आणि घरात पीठ नाही. पोरं भुकेनं कातावली. बाबगोंडा डोक्यावर डबे घेऊन शीळ घालत आला तेव्हा दिनकर दारातच उभा होता.

"गोंड्या, ताट आण तुझं हिकडं."

"आँ?"

"आण म्हणतोय न्हवं? शनिवारपत्तूर तुझंबी बंद. सर्जाला जरा सोबत."

पोरांनी टाळ्या पिटल्या. सगळेच भुकेले होते, त्यामुळे बाबगोंडाला काहीतरी झालं पाहिजे असं सगळ्यांनाच वाटत होतं. त्याची मावशी शाहूपुरीत राहायची, तो तिच्याकडे जेवायला जाऊ लागला. जाताना वरून मला म्हणे, "पैलवान, मावशीनं आज शिरा केलाय, घेऊन येऊ का?"

गुरुवारी सकाळी जिनपालनं फळ्यावर खडूनं सूचना लिहिली. शनिवारी संध्याकाळी सभा. विषय, घटनेचा भंग केल्यामुळे अध्यक्षांना दूर करण्याचा ठराव.

मी ती वाचली आणि तडक विहिरीवर गेलो. जिनपाल सदरा धूत होता.

"जिनप्या, ठराव मागं घे."

"का?"

"का म्हंजे? दिनकर गावाकडं जाईल. शिक्षण बुडंल त्याचं. माहीत हाय न्हवं तुला?"

"माहीत आहे."

"आणि तू अध्यक्ष हुशील, तेबी माहीत हाय."

त्यानं सदरा पिळला. "हो. म्हणून सगळी मला शिव्या घालणार, तेही माहीत आहे."

"मग कशाला करायलास?"

"सातवं कलम वाचलंस कधी? 'अध्यक्षास कोणाचेही ताट बंद करता येणार नाही.' बंद करायचं तर सभेनं करायचं, ठराव करून. अध्यक्षानं नाही. त्यानं दोन केली."

"गोंड्याचं सोड. पण माझं? माझं पोट, माझी भाकरी. मी स्वतः पाय धरले त्याचे, बंद कर म्हणून. ह्यात भंग कुठनं आला?"

"तू सांगितलंस म्हणून आला नाही असं म्हणायचंय तुला?"

"व्हय."

"मग फळीवर दाखव मला, 'त्याने स्वतः सांगितले तर चालेल' असं कुठं लिहिलंय." त्यानं चष्मा सदऱ्याच्या ओल्या टोकानं पुसला आणि तो आणखीच धूसर झाला. "सर्जा, ते कलम तुझ्यासाठी लिहिलेलंच नाही. तू काय वाटेल ते माग. भाकरी माग, नको म्हण, उपाशी मर. ते कलम ज्याच्या हातात पळी आहे त्याच्यासाठी लिहिलंय."

"लई शाना झालास. अजून पहिलं वरीस पास व्हायचंय."

"ते बरोबर आहे," जिनपाल म्हणाला आणि दुसरा सदरा घेतला.

त्याला उचलून विहिरीत टाकावं असं फार वाटलं. पण तीन दिवसांच्या उपाशी माणसाला विहिरीच्या कठड्यापर्यंत जाणंसुद्धा जड होतं. मी परत येऊन घोंगडीवर आडवा झालो. माझी खात्री होती की ही सगळी जळजळ आहे, पडलेल्या उमेदवाराची. चांगल्या माणसाला छळायला काहीतरी निमित्त हवं असतं आणि फळी आयती सापडली, एवढंच.

शुक्रवारी संध्याकाळच्या पंगतीत गडहिंग्लजकडचा एक मुलगा आमटी पातळ झाली म्हणून कुरकुरला. दिनकर वाढता वाढता हसत म्हणाला, "काय रं? तुझंबी ताट पेटीत ठेवू?" पोरानं दोन्ही हात ताटावर ठेवले. पंगतीत हसू आलं, पण सोमवारसारखं नाही. दोघं-तिघं तर ताटात बघून भराभर जेवू लागली. मी भिंतीला टेकून हे बघत होतो, पण माझं सगळं लक्ष त्या पोराच्या ताटातल्या अर्ध्या भाकरीवर होतं.

शनिवार उजाडला तेव्हा काट्यावर मी सत्तावन्नच्या थोडा वर होतो. आणखी एक दिवस कळ काढली की झालं.

सभा पंगतीतच व्हायची. सगळे आपापल्या जागी बसायचे, ताटं पुढ्यात, आणि आधी काम, मग जेवण. सभा लांबू नयेत म्हणून पहिल्या तुकडीनं ही युक्ती काढली होती म्हणतात. जिनपालनं उभं राहून ठराव वाचला. मग दिनकर उठला. हातातली पळी त्यानं खाली ठेवली नाही.

"मला भाषण येत न्हाई," तो म्हणाला. "मला एवढंच सांगा, भंग म्हंजे काय? हात मोडला तर दिसतो. काच फुटली तर दिसती. माझ्या हातनं काय मोडलं ते दाखवा. बाजार येळंवर येतोय. आक्काला कधी लाकूड कमी पडलं न्हाई. सर्जाचं वजन उतरलं, म्हंजे भलंच झालं की त्याचं. गोंड्या मावशीकडं शिरा खातोय. कुणाचं वाईट झालं असलं तर त्यानं उभं ऱ्हावं."

कुणी उभं राहिलं नाही. मग मी उभा राहिलो.

"माझं ताट मीच बंद करायला लावलं. ह्याचा काय दोष न्हाई. दोष द्यायचा तर माझ्या पोटाला द्या."

टाळ्या पडल्या. दिनकरनं माझ्याकडे बघून मान हलवली. माझं काम झालं असं समजून मी खाली बसलो.

जिनपाल पुन्हा उठला. टाळ्या थांबेपर्यंत तो चष्म्याशी चाळा करत होता.

"दिनकरनं वाईट केलं असं माझं म्हणणंच नाही," तो म्हणाला. "चांगलंच केलं. पण चांगलं करण्यासाठीसुद्धा त्याला हे करायची मुभा नव्हती. सोमवारी त्यानं दोस्तासाठी केलं. बुधवारी रागानं केलं. काल नुसतं बोलता बोलता करणार होता. खरं म्हणजे मी सोमवारीच उठायला पाहिजे होतं. उठलो नाही, कारण मलाही हसू आलं होतं." त्यानं चष्मा नाकावर सारला. "बाकी काही नाही. ताटं."

"ताटं," असं म्हटलं की मतदान. आमच्याकडे हात वर करायची पद्धत नव्हती. ज्याला ठराव मान्य आहे त्यानं आपलं ताट उपडं घालायचं, ज्याला मान्य नाही त्यानं सुलटं ठेवायचं. प्रत्येकाच्या ताटावर नाव कोरलेलं असे, त्यामुळे दुसऱ्याच्या ताटावर मत देण्याची सोय नव्हती. मोजायचं आक्कानं, कारण तिला मत नव्हतं. अध्यक्षाला काढायला दोन तृतीयांश, म्हणजे चोवीस ताटं उपडी पडावी लागत.

फरशीवर पितळ वाजू लागलं. पहिलं गडहिंग्लजच्या पोराचं. मग त्याच्या शेजारचं. मग समोरच्या रांगेत एकामागून एक. मी चक्रावून बघत होतो. आत्ता टाळ्या वाजवणारे हातच ताटं उलटी करत होते, आणि दिनकर पळी धरून रांगेकडे बघत होता. उपाशी पोटी आठवडाभर मी भिंतीला टेकून बसलो होतो, आणि ही पोरं रोज त्याच्या हातून वाढून घेताना घाबरत होती, हे मला तेव्हा कळलं.

आक्का पदर खोचून रांगेतून चालत गेली आणि परत आली.

"बावीस," ती म्हणाली.

दिनकरनं श्वास सोडला. "चोवीस लागत्यात. ठराव पडला. चला, आक्का, बुट्टी आण."

"अध्यक्ष," बाबगोंडा मागच्या रांगेतून ओरडला, "माझं ताट कुठाय?"

हशा पिकला. दिनकरही हसला. "कुठं म्हंजे? पेटीत हाय की."

"मग मी मत कशावर द्यायचं?"

हशा चालूच राहिला, मग कमी झाला, मग थांबला. दिनकरनं बाबगोंडासमोरच्या फरशीकडे बघितलं. मग माझ्यासमोरच्या.

मीही खाली बघितलं. आठवडाभर माझ्या पुढ्यात ती रिकामी फरशी होती आणि तिच्याकडे बघून मला फक्त भाकरी आठवायची. आता भूक कुठल्या कुठे गेली. आत्ताच मी उभा राहून बोललो होतो, लोकांनी टाळ्या दिल्या होत्या, आणि मतं मोजताना मी त्या खोलीत नव्हतोच. मला काढून टाकलं असतं तर भांडलो असतो. पण मी स्वतः जाऊन, विनवणी करून, हसत हसत ते ताट देऊन आलो होतो. भाकरी देतोय असं मला वाटलं होतं. मला इतका राग आला की कानशिलं तापली, आणि तो राग काढायला समोर कुणी नव्हतं.

दिनकरला वाटलं असतं तर तो म्हणू शकला असता की मोजणी झाली, आता जेवा. नियमानं ठराव पडलाच होता. पण त्यानं पळी आमटीच्या पातेल्यात ठेवली आणि तो खोलीकडे गेला. पेटीची कडी वाजली. येताना त्याच्या हातात दोन ताटं होती.

बाबगोंडाचं ताट त्यानं बाबगोंडाला दिलं. बाबगोंडानं ते तिथल्या तिथे उपडं घातलं. मग दिनकर माझ्याकडे आला. ताटावर पेटीतली धूळ बसली होती, ती त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं पुसली आणि ताट माझ्यासमोर सुलटं ठेवलं. काठावर ठिपक्याठिपक्यांनी 'स. रा. खाडे' असं कोरलेलं होतं. मी अकरावीला पास झालो तेव्हा आईनं ते जत्रेत घेतलं होतं.

"सर्जा, तुझं तुला," तो म्हणाला.

तेवीस झाली होती. माझं ताट होतं तसं राहिलं की दिनकर अध्यक्ष, बी.ए. होणार, कुठेतरी मास्तर होणार. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. त्याच्या भावाचा एसटीच्या थांब्यावरचा चेहरा मला दिसत होता. मी दिनकरकडे बघितलं. त्यानं नजर चुकवली नाही. 'नको' म्हणाला नाही, 'कर' असंही म्हणाला नाही. त्याच्या मनात कपट नव्हतं हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. सोमवारी माझं ताट उचलताना त्याला मत-बित काही सुचलं नव्हतं. मलाही नव्हतं. पण अध्यक्ष दरवर्षी बदलतो, आणि ज्याला ते सुचेल असा एखादा कधीतरी येणारच होता. त्या वेळी पोरं म्हणणार होती की असं पूर्वी झालंय, सर्जाचं झालं होतं आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

मी ताट उपडं घातलं. ते जरा जोरातच वाजलं.

"चोवीस," आक्का म्हणाली आणि तोंडाला पदर लावून आत गेली.

जिनपाल पुढे आला. जिंकल्यासारखं त्याच्या तोंडावर काही दिसत नव्हतं, उलट त्याला ताप आलाय की काय असं वाटत होतं. त्यानं पातेल्यातली पळी उचलली. दिनकर रांगेच्या टोकाला आपल्या ताटापाशी गेला, पण बसला नाही. वाकून त्यानं ताट उचललं आणि काखेत मारलं.

"कुठं निघालास?" जिनपालनं विचारलं.

"माफी अध्यक्षाला असती. आता मी अध्यक्ष न्हाई. पैसे काय भरल्यालं न्हाईत मी. उद्याच्या गाडीनं जातो."

"ताट ठेव खाली."

"जिनपाल, मला भीक नको."

"भीक नाही." जिनपालनं पळीच्या दांड्यानं भिंतीवरची फळी दाखवली. "अध्यक्षास कोणाचेही ताट बंद करता येणार नाही. आता मी अध्यक्ष आहे. मला तुझं ताट बंद करता येत नाही."

"तू कुठं करतोयस? माझं मीच करतोय."

"तसं चालत असतं," जिनपाल म्हणाला, "तर सर्जाच्या बाबतीत तू आज गुन्हेगार ठरला नसतास."

दिनकर उभाच राहिला. मग तो मटकन खाली बसला आणि ताट पुढ्यात ठेवलं. जिनपालनं स्वतः त्याला आमटी वाढली. दिनकरच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

घटनेप्रमाणे त्याचं ताट सभेला बंद करता आलं असतं. त्यासाठी कुणीतरी ठराव आणायला हवा होता. त्यानंतर दर महिन्याच्या सभेत जिनपाल सगळे विषय संपले की विचारायचा, "आणखी कुणाला ठराव मांडायचाय?" आणि चष्म्यातून पंगतीवर नजर फिरवायचा. परीक्षा होईपर्यंत एकानंही मांडला नाही. दिनकर मात्र पूर्वीसारखाच पहाटे उठून मंडईत जात राहिला. जिनपालच्या खांद्यांना पोतं पेलत नव्हतं.

माझ्या कुस्तीचंही सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. रविवारी काटा साडेअठ्ठावन्नवर थांबला. सत्तावन्नच्या गटातून नाव कटलं, वरच्या गटात नव्यानं घेत नव्हते. वस्ताद महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मला वाईट वाटलं नाही असं नाही, चांगलंच वाईट वाटलं. तेव्हा दिनकर माझ्याबरोबर काट्यापाशी उभा होता.

काटा चढला, कारण शनिवारी मी जेवलो. ठराव झाला, सगळ्यांनी ताटं सुलटी करून घेतली आणि वाढप सुरू झालं. माझं ताट मात्र तसंच उपडं होतं. ते सुलटं करायला माझा हातच पुढे होईना. दिनकरकडे बघायचं धाडस नव्हतं. मी मान खाली घालून फरशी बघत बसलो. तेवढ्यात शेजारी कुणीतरी येऊन बसलं. दिनकर आपलं वाढलेलं ताट घेऊन रांगेच्या टोकापासून उठून माझ्याजवळ आला होता. त्यानं माझं ताट उचललं, सुलटं केलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

जिनपाल भाकऱ्यांची बुट्टी घेऊन आमच्यापुढे उभा राहिला.

"किती देऊ?"

"दोन," मी म्हणालो.

"चार वाढ," दिनकर म्हणाला. "सहा दिस उपाशी हाय त्यो."